छोट्या बोटीसाठी जनरेटर घेताना...
आधी धुराचा विचार, मग वॉटचा

खास प्रतिनिधी

समुद्रात गेल्यावर डोके जड झाले, मळमळू लागले, चक्कर आली की आपण सहज म्हणतो, 'बोट लागली'. लिंबू चोखायला दिले जाते, थोडा वेळ केबिनमध्ये जाऊन पडण्याचा सल्ला दिला जातो. बहुतेक वेळा निदान बरोबरही असते. मात्र त्याच बोटीच्या मागच्या बाजूला एखादा पेट्रोल जनरेटर धडधडत असेल, तर हा सल्ला जिवावर बेतू शकतो. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड या वायूच्या विषबाधेची पहिली लक्षणे बोट लागण्याच्या लक्षणांसारखीच असतात आणि हा वायू साचण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे केबिन.

मुंबईहून मांडव्याकडे सुटीसाठी जाणाऱ्या खासगी नौका, कोकणातील खाड्यांमध्ये पर्यटकांना फिरविणाऱ्या बोटी, धरणांच्या जलाशयांतील हौशी मंडळींच्या बोटी अशा अनेक ठिकाणी आता विजेची गरज भासू लागली आहे. मोबाईल, दिवे, पंखा, फ्रीज, स्पीकर अशी यादी वाढत जाते आणि मग बाजारात सहज मिळणारा, हातात उचलून नेता येणारा जनरेटर हा सोपा उपाय वाटतो. दुकानात चर्चा होते ती किती वॉटचा घ्यावा आणि किंमत काय याची. बोटीच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न वेगळा आहे. तो चालवायचा कुठे?

बोटच अपुरी पडते

पोर्टेबल जनरेटर घरापासून, खिडक्या-दारांपासून किमान २० फूट म्हणजे सुमारे ६ मीटर दूर ठेवावा, असा अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा सल्ला आहे. असा एक जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साईड बाहेर टाकू शकतो, असेही हा आयोग सांगतो. आता आपल्याकडील छोट्या बोटीची लांबी पाहा. ती २० ते ३० फूट असते. म्हणजे जमिनीवर जे किमान अंतर राखायचे, तेवढी अनेकदा अख्खी बोटच असते. अनेक उत्पादक आपल्या माहितीपुस्तिकेत बोटीवरील वापराविरुद्ध इशारा देतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच होय.

कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. झोपलेल्या माणसाला तर त्याची जाणीवही होत नाही.

अमेरिकेत ॲरिझोना आणि युटा राज्यांच्या सीमेवर लेक पॉवेल हा मोठा जलाशय आहे. तेथे १९९० ते २००० या काळात बोटींवरील कार्बन मोनॉक्साईड विषबाधेच्या १११ घटनांची नोंद तपासकर्त्यांना आढळली. त्यांपैकी ७४ हाउसबोटींवरील होत्या आणि त्यांतील सात जणांचा मृत्यू झाला. बहुसंख्य घटनांना जनरेटरचा धूर कारणीभूत होता. हे जनरेटर बोटीत कायमचे बसविलेले होते. काही बोटींवर धूर मागच्या बाजूला, पोहणाऱ्यांसाठी असलेल्या फळीखाली सोडला जात असे. फळीखालच्या पोकळीत वायू साचे आणि पोहायला उतरलेली माणसे नेमकी तेथेच जात. पुढे धुराचे नळकांडे उभे करून धूर छपराच्याही वर सोडण्याचा उपाय पुढे आला. मोकळ्या हवेतही हा वायू माणूस मारू शकतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

वारा फिरतो, धूर फिरतो

'आम्ही जनरेटर मागे ठेवतो, धूर मागे जातो', असे अनेक बोटमालक सांगतात. नांगर टाकलेली बोट आपले पुढचे टोक वाऱ्याकडे करून उभी राहते, म्हणून हे गणित बऱ्याचदा जुळते. परंतु खाडीत भरती-ओहोटीचा ओढ जोराचा असेल, तर बोट वाऱ्याऐवजी पाण्याच्या ओढीप्रमाणे वळते. तेव्हा वारा मागून येऊ शकतो आणि धूर थेट केबिनच्या दारात शिरतो.

शाळेच्या भूगोलात वाचलेले खारे आणि मतलई वारे येथे उपयोगी पडतात. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. संध्याकाळी योग्य वाटलेली जनरेटरची जागा मध्यरात्री चुकीची ठरते, आणि नेमके त्याच वेळी सगळे झोपलेले असतात. चालत्या बोटीतही धोका संपत नाही. केबिनच्या मागे हवेचा दाब कमी होतो व मागचा धूर आत ओढला जातो. मागचा पडदा उघडा आणि पुढच्या खिडक्या बंद असतील, तर हा परिणाम अधिक जाणवतो.

म्हणून काही नियम मोडण्यासाठी नाहीत. माणसे झोपलेली असताना जनरेटर चालवू नये. कोणी पाण्यात पोहत असताना तो बंद ठेवावा. आवाज नको म्हणून तो पेटीत किंवा कप्प्यात बंद करू नये. त्याने यंत्र तापते आणि धूर आत कोंडतो. धूर दूर न्यायचा म्हणून नळकांड्याला घरगुती पाइप जोडू नये, कारण सांध्यांतून वायू गळतो. शक्य असेल तेथे बोट धक्क्याला लावून जनरेटर धक्क्यावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि बोटीपासून दूर ठेवणे हाच सर्वांत बरा मार्ग. तेथेही शेजारच्या बोटीत कोणी झोपले नाही ना, हे पाहायला हवे.

गरज किती, ते आधी मोजा

जनरेटर खरोखर लागतो का, हे तपासण्यासाठी कागद-पेन्सिल पुरते. समजा, २८ फुटी बोटीवर चौघे जण एक रात्र राहणार आहेत. ५ वॉटचे सहा एलईडी दिवे पाच तास म्हणजे १५० वॉट-तास. बॅटरीवर चालणारे २० वॉटचे दोन छोटे पंखे आठ तास म्हणजे ३२०. चार मोबाईलसाठी ६०. जीपीएस आणि व्हीएचएफ संच यांना मिळून १५ वॉट धरले, तर सहा तासांचे ९०. बॅटरीवरचा ४५ वॉटचा छोटा फ्रीज दिवसातून सरासरी ४० टक्के वेळ चालतो असे धरल्यास सुमारे ४३०. एकूण झाले १०५० वॉट-तास.

शंभर ॲम्पिअर-अवरची १२ व्होल्टची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १२८० वॉट-तास वीज साठवते आणि तिचे वजन साधारण ११ ते १३ किलो असते. तेवढ्याच क्षमतेची शिसे-आम्लाची बॅटरी जवळपास दुप्पट वजनाची असते आणि दीर्घ आयुष्यासाठी तिच्यातील निम्मीच वीज वापरावी लागते. म्हणजे वरच्या यादीसाठी एक लिथियम बॅटरी पुरेशी आहे. ती मुख्य इंजिनाच्या अल्टरनेटरवरून योग्य चार्जर लावून किंवा छपरावरील सौर पॅनेलवरून भरता येते. तिला धूर नाही, आवाज नाही आणि बोटीवर पेट्रोलचा वेगळा कॅनही लागत नाही.

मग जनरेटर कुणासाठी? वातानुकूलन यंत्र, विजेची किटली, ड्रिल किंवा ग्राइंडर अशी जड उपकरणे चालवायची असतील, किंवा दिवसेंदिवस ऊन नाही आणि इंजिनही चालवायचे नाही, अशी स्थिती असेल तर. चहासाठी १५०० वॉटची किटली लावायची आणि तिच्यासाठी जनरेटर घ्यायचा, हा व्यवहार मात्र तोट्याचा.

घ्यायचाच असेल तर...

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. उघड्या चौकटीचा साधा जनरेटर स्वस्त असतो. ५० हर्ट्झची वीज देण्यासाठी त्याचे इंजिन सामान्यतः मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या ठरावीक वेगाने फिरते. एक दिवा लावा की दहा, आवाज तोच. इन्व्हर्टर जनरेटर आधी तयार झालेली वीज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घडवून घेतो, त्यामुळे भार कमी असताना इंजिनाचा वेग कमी होतो. आवाज आणि पेट्रोल दोन्हींची बचत होते आणि लॅपटॉप, चार्जर यांना स्वच्छ वीज मिळते. बोटीसाठी निवड करायचीच तर या दुसऱ्या प्रकाराची. दोन केव्हीए वर्गातील असा जनरेटर साधारण २० ते २५ किलोंचा असतो, म्हणजे एका माणसाला उचलता येतो. पण आवाज कमी झाला म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही. उलट शांत जनरेटर जवळ ठेवण्याचा मोह होतो, हे विसरू नये.

क्षमता पाहताना पाटीवरील मोठा आकडा फसवा असतो. तो बहुधा काही क्षणांसाठीच्या कमाल शक्तीचा असतो. सतत मिळणारी शक्ती त्याहून कमी असते आणि तिच्याही सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच भार ठेवणे हिताचे. फ्रीज, पंप, वातानुकूलन यंत्र यांतील मोटारी सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतात, तेही हिशेबात धरावे. परदेशातून आणलेला स्वस्त जनरेटर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा नाही ना, याची खात्री करावी. भारतात उपकरणे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असतात.

बोटीच्या हेलकाव्यांचाही विचार हवा. तेलाची पातळी कमी झाली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय बहुतेक जनरेटरमध्ये असते. बोट कलली की तेल एका बाजूला जाते आणि तेल पुरेसे असूनही इंजिन बंद पडते. अशा वेळी ही सोय काढून टाकण्याचा सल्ला मिळाला तरी तो ऐकू नये. जनरेटर सपाट जागी, रबरी चटईवर, पट्ट्यांनी आवळून बांधावा.

पेट्रोल, पाणी आणि वीज

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरून बोटीच्या तळाच्या पोकळीत साचते आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकते. बोटीसाठी खास बनविलेल्या विद्युत उपकरणांत ठिणगी बाहेर पडू नये अशी रचना असते. साध्या पोर्टेबल जनरेटरला अशी हमी नसते. त्यामुळे तो केबिनमध्ये किंवा डेकखाली ठेवू नये. पेट्रोल भरायचे ते धक्क्यावर, यंत्र बंद करून आणि थंड झाल्यावर.

विजेच्या धक्क्यापासून वाचविणारे आरसीसीबी हे साधन घरात आपण लावतो. मात्र अनेक पोर्टेबल जनरेटरमध्ये न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो आणि त्या स्थितीत हे साधन अपेक्षेप्रमाणे काम करीलच असे नाही. जनरेटर बोटीच्या वायरिंगला जोडायचा असेल, तर हे काम बोटींची माहिती असलेल्या वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. धक्क्यावरील वीज आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाऊ नयेत यासाठी चेंजओव्हर स्विच आवश्यक आहे.

खारी हवा हा यंत्राचा कायमचा शत्रू. वापरानंतर ओल्या फडक्याने मीठ पुसणे, पहिले तेल सुमारे २० तासांनी बदलणे ही किरकोळ वाटणारी कामे आयुष्य वाढवितात. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. त्यामुळे पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढण्यापूर्वी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

मासेमारी नौकांच्या मालकांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. प्रखर एलईडी दिव्यांच्या साह्याने मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. असे दिवे चालविण्यासाठी मोठे जनरेटर वापरले जातात. त्यामुळे नौकेवर गरजेपेक्षा मोठा जनरेटर असेल, तर तपासणीत प्रश्न विचारले जाणारच.

प्रवाशांनीही विचारावे

जनरेटर घेणारे थोडे, पण वाढदिवस किंवा सहलीसाठी बोट भाड्याने घेणारे अनेक. त्यांनी बोटीवर पाय ठेवताच तीन प्रश्न विचारावेत : जनरेटर आहे का, त्याचा धूर कुठे जातो आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साईडचा गजर आहे का? हा गजर बोटीसाठी बनविलेला असावा आणि त्यावरील मुदत संपलेली नसावी. त्यातील संवेदक काही वर्षांनी निकामी होतो. गजर आहे म्हणून जनरेटर दाराशी चालविण्याची मुभा मिळत नाही.

एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले आणि आत गेल्यावर पुन्हा त्रास झाला, तर ती बोट लागलेली नसून विषबाधा असण्याची शक्यता धरावी. जनरेटर आणि इंजिन बंद करून सर्वांना उघड्यावर आणावे, केबिनमध्ये कोणी झोपलेले नाही ना हे आधी पाहावे. समुद्रात मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि किनाऱ्यावर रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. रुग्णाला बरे वाटू लागले तरी रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना 'बोटीवर जनरेटर चालू होता' हे आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने उपचारांची दिशा बदलते.

खरेदीपूर्वी एवढे तपासा

- यादीतील उपकरणे बॅटरी आणि सौर पॅनेलवर भागतात का?
- जनरेटर धक्क्यावर ठेवून वापरता येईल का? नसेल, तर धूर माणसांपासून दूर जाईल अशी जागा बोटीवर खरोखर आहे का?
- माहितीपुस्तिकेत बोटीवरील वापराबाबत काय लिहिले आहे?
- पाटीवरील आकडा सतत मिळणाऱ्या शक्तीचा की क्षणिक?
- केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साईडचा चालू स्थितीतील गजर आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज नाही. तो पैसा चांगल्या बॅटरीवर खर्च करावा.