‘ओ’ गटाच्या आड दडलेले रक्त

परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे व भाटिया या संशोधकांनी लंडनच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून एक अपूर्व रक्तगट जाहीर केला. त्यास ‘बाँबे’ हे नाव पडले. १९९५ मध्ये शहराचे नाव बदलले. रक्ताचे बदलले नाही.

हा गट रोग नव्हे. तो धारण करणारी व्यक्ती धडधाकट असते, आणि खरा धोका तेथेच आहे. रक्तपेशींवरील ‘ए’ व ‘बी’ ही द्रव्ये ‘एच’ नामक पायावर उभी राहतात. ‘ओ’ गटात निदान तो पाया असतो. ‘बाँबे’ गटात तोही नसतो. त्यामुळे नाक्यावरच्या प्रयोगशाळेत, काचपट्टीवरील घाईच्या परीक्षेत, हे रक्त बिनदिक्कत ‘ओ’ ठरते. परंतु अशा माणसाच्या रक्तरसात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असतात. अपघातानंतर, जुळणी न पाहता, त्याला ‘ओ’ रक्त चढविले तर त्या पेशी शरीरात फुटतात. थंडी वाजून ताप, कंबरदुखी, काळसर लघवी आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत मजल जाते. त्याला चालते ते केवळ दुसऱ्या ‘बाँबे’ व्यक्तीचे रक्त. ती भारतात सुमारे १०,००० माणसांत एक भेटते, युरोपात दहा लाखांत एक.

वस्तुतः उपाय स्वस्त आहे. रुग्णाचा रक्तरस ‘ए’ आणि ‘बी’ पेशींबरोबरच ‘ओ’ पेशींवरही घालून पाहावा. ‘ओ’ पेशींच्या गुठळ्या झाल्या की संशय घ्यावा. नेमकी हीच तिसरी नळी वाचविण्याकडे कल असतो, आणि ही काटकसर अक्षम्य आहे.

हे वैशिष्ट्य आई व वडील या दोघांकडून दोष आला तरच प्रकटते. म्हणून मामाच्या मुलीशी विवाहाची चाल असलेल्या घराण्यांत त्याचा संभव वाढतो. ‘एबी’ गटाच्या आईचे मूल ‘ओ’ निघाले म्हणजे कुजबूज सुरू होते. त्या कुजबुजीचे उत्तरही कधी कधी याच रक्तात असते. एकात हा गट आढळला की सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकात तो असण्याची शक्यता चारांत एक. तेव्हा त्यांची तपासणी तातडीने व्हावी. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचेच रक्त काढून ठेवता येते. मात्र शीतकपाटात ते फार तर ४२ दिवस टिकते. आणीबाणीत मग भावंडांचाच दूरध्वनी खणखणतो.