पेण-रोह्यात ११७ : मज्जातंतूंच्या गाठी आणि त्यांचे दुखणे

पेण आणि रोहा तालुक्यांत मिळून सुमारे ११७ जण. हा आकडा मोजलेला नाही, हिशेबाने काढलेला आहे. २०११ च्या जनगणनेत या दोन तालुक्यांची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या वर होती, आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ हा आजार साधारण ३,००० जन्मांमागे एकाला असतो. रोहा तालुक्यातल्या नागोठणे परिसरात दर दहा हजार वस्तीमागे तीन-चार जण धरायला हरकत नाही. त्यांच्या मज्जातंतूंवर गाठी येतात.

या ११७ पैकी ३० ते ५० टक्के, म्हणजे ३५ ते ५८ जणांची गाठ मज्जातंतूच्या फांद्याफांद्यांतून पसरणारी, ‘प्लेक्सिफॉर्म’ प्रकारची. ८ ते १३ टक्क्यांना, म्हणजे ९ ते १५ जणांना, आयुष्यात कधीतरी मज्जातंतूचा कर्करोग होतो. जुनी गाठ भराभर वाढू लागली किंवा तिचे दुखणे झोपू देईना, तर तपासणी लांबवू नये ती यासाठी.

‘घरात आणखी कुणाला आहे का?’ या प्रश्नाने निम्मे रुग्ण निसटतात, कारण सुमारे ५० टक्क्यांत जनुकातला बिघाड नव्यानेच झालेला असतो. त्वचा अधिक सांगते: दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, वयात येण्याआधी ५ मिलिमीटरहून मोठे, नंतर १५ हून. शाळेच्या तपासणीत फूटपट्टी पुरते.

दुखण्याचा हिशेब मात्र उलटा लागतो. श्वानोमॅटोसिस हा भाऊबंद आजार सुमारे ७०,००० जन्मांमागे एकाला. दोन्ही तालुक्यांत जेमतेम पाच. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ८७ रुग्णांच्या अभ्यासात ६८ टक्क्यांना कायमचे दुखणे होते, आणि गाठी काढूनही ते बहुधा राहिले.

शस्त्रक्रियेची मर्यादा रचनेतच आहे. श्वानोमॅटोसिसमधली गाठ, म्हणजे श्वानोमा, तंतूंना बाजूला सारून वाढतो, त्यामुळे तो बऱ्याचदा सोलून काढता येतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिसमधला न्यूरोफायब्रोमा तंतूंत गुंतलेला असतो. गाठ काढताना हातापायाची ताकद जाऊ शकते.

अशा प्लेक्सिफॉर्म गाठींवरच्या सेल्युमेटिनिब या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत ५० मुले होती. ३५ जणांची, म्हणजे ७० टक्क्यांची गाठ किमान २० टक्क्यांनी आक्रसली. वर्षभरात दुखणे दहाच्या मापावर सरासरी २ अंकांनी उतरले. गाठ गेली नाही, पण मुलांना फरक कळला.

बाकी रुग्णांसाठी नेहमीच्या गोळ्या. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार, एकाचे दुखणे निम्म्याने कमी व्हायला प्रीगाबालिन ७.७ जणांना द्यावे लागते, अमिट्रिप्टिलिनच्या गटातली औषधे ३.६ जणांना. हे आकडे मज्जातंतूंच्या सर्वच दुखण्यांचे आहेत. दोन तालुक्यांत पाच जण असलेल्या श्वानोमॅटोसिसची वेगळी मोठी चाचणी व्हायची कुठून? अमिट्रिप्टिलिन १९६१ पासून बाजारात आहे. म्हाताऱ्यांना आणि हृदयरुग्णांना मात्र ते जपून द्यावे लागते.