मोटार डावीकडे का ओढते?

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या जालना रस्त्यावर तुमच्या घरची मोटार डावीकडे ओढू लागली. स्टिअरिंग बिघडले असे समजून लगेच मोठ्या खर्चाला तयार होऊ नका. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला थोडा उतरता ठेवतात. त्यानेही मोटार डावीकडे सरकते. म्हणून आधी सपाट जागी पाहा. मग टायरमधील हवा मोजा. कमी हवेचा टायर चपटा होऊन गतीला अधिक विरोध करतो व मोटार त्या बाजूला ओढली जाते. हवा सारखी असेल, तर मिस्त्रीकडून पुढची चाके आपसांत बदलून घ्या. ओढीची बाजू बदलली, तर दोष टायरचा. नाहीतर चाकांची जुळणी आणि ब्रेक तपासावेत. मात्र स्टिअरिंग सैल वाटले किंवा अडकू लागले, तर मोटार मुळीच चालवू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, हा प्रयोगशाळेतला नियम येथे पैसेही वाचवतो!