संगणक : घरी जुळवावा की तयार घ्यावा?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये सुटे भाग विकत घेऊन संगणक घरीच जुळवणारे तरुण आज पुष्कळ दिसतात. वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : तयार यंत्र मिळत असता हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. तयार यंत्राला एकच हमी असते. ते बंद पडले की विकणाऱ्याच्या हवाली करून मोकळे व्हावे. जुळवलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची हमी निराळी, आणि दोष रॅममध्ये आहे, पॉवर सप्लायमध्ये आहे की मदरबोर्डवर, हे मालकालाच हुडकून काढावे लागते. पैशाचा हिशेबही नेहमी जुळवणाऱ्याच्याच बाजूने लागतो असे नाही. भाग महागले म्हणजे घाऊक खरेदी करणाऱ्या कंपनीचे तयार यंत्र स्वस्त पडते.

सत्तर वर्षांपूर्वी हीच निवड भारताला करावी लागली होती, आणि दोन शहरांनी दोन वाटा धरल्या. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ साली इंग्लंडहून एचईसी-२एम हे यंत्र विकत आणले. देशातील तो पहिला अंकीय संगणक होय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मात्र यंत्र स्वतःच उभारण्याचे ठरवले. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांनी तोवर संगणक वापरलाही नव्हता! त्यांनी १९५६ साली आधी एक लहान नमुना चालवून पाहिला. मग पूर्ण यंत्र हाती घेतले. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक त्यात बसवले होते. स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची, २,०४८ शब्दांची होती. आजचा साधा मोबाइलही तिला हसेल. १९६० साली यंत्र चालू झाले आणि १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले.

तोपर्यंत व्हॉल्व्हचे युग सरत आले होते. परदेशी ट्रान्झिस्टरची यंत्रे निघू लागली होती, आणि १९६४ साली याच संस्थेने अमेरिकेची सीडीसी ३६०० ही तयार यंत्रणा घेतली. मग आधीचे श्रम वाया गेले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. संगणकाचे अंतरंग जाणणारी माणसे त्याच कामातून तयार झाली होती आणि नवे यंत्र आले तेव्हा ती हाताशी होती. कलकत्त्याचा अनुभवही याहून फार निराळा नाही. विकत आणलेले यंत्र चालते ठेवण्याचा भार अखेर तेथील अभियंत्यांवरच पडला. निर्माता तर सातासमुद्रापलीकडे होता.

आजच्या घरगुती जुळवणीला निर्मिती म्हणणे जरा धाडसाचेच. १९९५ साली इंटेलने पुढे आणलेल्या एटीएक्स मापामुळे एकाचा मदरबोर्ड दुसऱ्याच्या पेटीत बिनतक्रार बसतो. एक स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन-तीन तासांची सवड एवढे भांडवल पुरते. फक्त प्रोसेसर बसवताना खालच्या नाजूक पिना वाकणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. तरीही यंत्राचे झाकण एकदा स्वतः लावलेला माणूस पुढे ते उघडायला भीत नाही, हा लाभ लहान नव्हे. काही तयार यंत्रांत मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय अशा खास बेताचे असतात की बाजारातला भाग तेथे बसतच नाही. पाच वर्षांनी एक भाग बिघडला तर सारे यंत्र टाकण्याची पाळी येते. म्हणून तयार घेणाऱ्यानेही किमतीआधी झाकणाखाली काय आहे ते विचारावे. ज्या घरात पेटी उघडण्याची हौस कोणालाच नाही, त्यांनी मात्र खुशाल तयारच घ्यावा.

लॅपटॉपच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही. त्याची रॅमसुद्धा पुष्कळदा डाख देऊन कायमची बसवलेली असते.