काचेच्या टाकीत आधी कोण?

लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधले रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॅरिंग्टन यांनी १८५० साली केमिकल सोसायटीपुढे एका काचेच्या भांड्याची हकिगत मांडली. भांड्यात दोन लहान गोल्डफिश होते आणि व्हॅलिसनेरियाचे रोप होते. काही काळाने रोपाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. वॅरिंग्टन यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी पुन्हा नितळ झाले. वनस्पती प्राणवायू देते, मासा तो घेऊन कर्बवायू सोडतो, तोच वनस्पतीच्या कामी येतो, असा या व्यवहाराचा अर्थ त्यांनी लावला. ‘समतोल मत्स्यालया’ची कल्पना पुढे कित्येक दशके याच अर्थावर उभी राहिली, आणि टाकीत वनस्पती लावणाऱ्या बहुतेकांच्या मनात आजही तेच कारण असते. ते कारण अपुरे आहे. टाकीत वनस्पती आधी लावाव्यात आणि भरपूर लावाव्यात, हे खरेच. पण प्राणवायूपेक्षा अमोनियासाठी. हा फरक लक्षात आला की मासे किती, कोणते आणि केव्हा सोडायचे, याची उत्तरेही बदलतात.

प्राणवायूच्या कल्पनेला न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातले जेम्स ॲट्झ यांनी १९४९ मध्ये उघड आव्हान दिले. टाकीतल्या वायूंची ये-जा मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून होते. पाणी हलते राहिले की प्राणवायू आत येतो आणि कर्बवायू बाहेर पडतो. शिवाय अंधार पडल्यावर वनस्पती स्वतःच प्राणवायू घेऊ लागतात, म्हणजे माशांच्या श्वासाची सर्वांत कठीण वेळ, पहाटेची, त्यांच्या मदतीविनाच जाते. ॲट्झ यांचा हा मुद्दा बिनतोड आहे. मात्र त्यावरून वनस्पती म्हणजे निव्वळ सजावट, असा निष्कर्ष काढणे चूक. गोगलगायींनी कुजकी पाने संपवताच वॅरिंग्टन यांचे पाणी सुधारले, ही नोंदच सांगते की प्रश्न श्वासाइतकाच कुजण्याचाही होता.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत राहतो. अमोनियम हे रूप बरेचसे निरुपद्रवी, मुक्त अमोनिया मात्र विषारी. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूणातला जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. क्षारयुक्त बोअरच्या पाण्याचा सामू बहुधा चढाच असतो, त्यामुळे दख्खनच्या पठारावरच्या कित्येक घरांत हा धोका अधिक. ‘कालच आणलेले मासे आज मेले’ ही तक्रार अनेकदा इथून सुरू होते: काच चकचकीत, पाणी पारदर्शक आणि विष न दिसणारे.

यावर आक्षेप असा की ते काम फिल्टर करतोच. करतो, आणि चांगले करतो. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. पण ती वस्ती मुरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तिला प्राणवायूही भरपूर लागतो. वनस्पतींचा मार्ग वेगळा. डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात अनेक शास्त्रीय प्रयोग एकत्र करून दाखवले की बऱ्याच पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात. त्यामागे सरळ हिशेब आहे. नायट्रेट घेतले तर पेशीत ऊर्जा खर्चून त्याचे पुन्हा अमोनियम करावे लागते. जिवाणूंनी जे काम केले तेच उलटे करावे लागते. जोमाने वाढणारी वनस्पती म्हणूनच फिल्टर मुरण्याआधीही अमोनिया खेचू लागते. मात्र ती वाढत असली पाहिजे. नुकतीच लावलेली, पाने गाळणारी रोपे उलट अमोनियात भरच घालतात. म्हणून रोपे लावली त्याच दिवशी मासे सोडू नयेत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. जपानचे ताकाशी अमानो यांच्या टाक्यांची छायाचित्रे जगभर गेली, आणि वनस्पतींची टाकी म्हणजे कर्बवायूचे सिलिंडर, झगझगीत दिवे, महागडी माती अशी समजूत झाली. अमानो थोर कलावंत होते. पण ती वाट सौंदर्याची, अनिवार्यतेची नव्हे. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात, त्यामुळे कर्बवायूची चणचण खरी आहे. तिच्यावर निसर्गानेच उपाय काढलेले आहेत. व्हॅलिसनेरिया आणि आपल्या तळ्यांत मुबलक असणारी हायड्रिला पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कर्ब घेतात, म्हणून क्षारयुक्त पाणी त्यांना मानवते. तरंगत्या वनस्पतींची पाने थेट हवेतून कर्बवायू घेतात. शेवाळाला आळा घालायचा तर प्रकाश वाढवत नेण्याऐवजी तो रोज आठ तासांवर आणावा आणि जलद वाढणाऱ्या वनस्पतींनी टाकी दाट करावी.

प्रत्यक्ष मांडणीत मग फारसे अवघड काही उरत नाही. दोन फुटी टाकीत तळाला खत न घातलेल्या साध्या मातीचा इंचभर थर, वर तेवढीच जाडसर धुतलेली वाळू. समुद्राची शिंपलेयुक्त वाळू आणि पांढरे संगमरवरी खडे टाळावेत. ते विरघळून क्षार वाढवतात. बेसाल्टचे खडे चालतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन एका रात्रीत बरेचसे उडते, पण काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात. ते तसे जात नाही, त्याला औषधच लागते.

मासे सोडायचे ते महिनाभराने, नवी पाने फुटत असताना, थोडे थोडे करून. ‘एका गॅलनला एक इंच मासा’ हा प्रचलित नियम सोडून द्यावा. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते, आणि घाण वजनाच्या मागे जाते, लांबीच्या नव्हे. वाढून वीतभर होणारा गोल्डफिश म्हणूनच दोन फुटी टाकीचा मासा नाही. शिवाय तो रोपे उकरतो, खातोही. आठ-दहा झेब्रा डॅनिओ तिथे सुखाने राहतात. प्रयोगशाळांमुळे जगप्रसिद्ध झालेला हा मासा मूळचा भारतीय उपखंडातला.

आपलेच मासे पाळावेत, हा आग्रह मला पटतो, पण अटीसह. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांतला लाल पट्ट्याचा ‘मिस केरला’ जगाच्या बाजारासाठी इतका पकडला गेला की तो आज संकटग्रस्त जातींत मोडतो. २०१३ मध्ये ज्यांनी त्याला ‘सह्याद्रिया’ या नव्या प्रजातीत ठेवले, त्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. हा मासा पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि थव्याने राहतो. चार फुटांखालच्या टाकीत त्याला स्थान नाही, आणि घेतलाच तर नदीतून पकडलेला नव्हे, टाकीत पैदास केलेलाच घ्यावा.

उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा. नद्या झाकून टाकणारी जलपर्णी जगभर शोभेची वनस्पती म्हणूनच पोचली. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेचा सकर मासा फूटभर वाढतो, आणि मग कंटाळलेला मालक त्याला जवळच्या तळ्यात सोडतो. भारतातल्या अनेक नद्यांत त्याने आता बस्तान बसवले आहे. तो विकत घेऊच नये. शेवाळासाठी गोगलगायी पुरेशा आहेत, आणि छाटलेल्या हायड्रिलाच्या कांड्या उन्हात कडकडीत वाळवून कुंडीच्या मातीत मिसळाव्यात, ओढ्यात टाकू नयेत.