एका चार्जिंगमध्ये दोनशे किलोमीटर

2023 चा मे महिना. सेमाडोहच्या थांब्यावर परतवाड्याच्या एसटीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या तरुणानं पेपर दुमडून विचारलं, "चाचा, मुंबईच्या बशीचं कोर्टात भांडण, आपल्याले त्याचं काय लेनंदेनं?"

श्रोतेहो, त्याला जे सांगितलं तेच इथं सांगतो.

मुंबई महापालिकेच्या 'बेस्ट' उपक्रमानं फेब्रुवारी 2022 मध्ये 1400 वातानुकूलित विजेच्या बसगाड्यांसाठी निविदा काढली. बस विकत घ्यायची नव्हती. बस कंपनीची, देखभालही तिचीच आणि शहरानं धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मोजायचे. एक अट मात्र कडक होती. एकदा चार्ज केलेली बस 80 टक्के बॅटरीवर, एसी चालू ठेवून, मध्ये न थांबता 200 किलोमीटर धावली पाहिजे. टाटा मोटर्सनं मधल्या वेळेत पुन्हा चार्जिंग करण्याची मुभा धरून देकार दिला. 'बेस्ट'नं तो बाद केला आणि काम 'एव्ही ट्रान्स'ला दिलं. टाटा मुंबई उच्च न्यायालयात गेली.

5 जुलै 2022 च्या निकालानं दोघांनाही धक्का दिला. टाटांना बाद करणं योग्यच, असं न्यायालय म्हणालं. पण मुदत टळल्यावर 'एव्ही'कडून एक सुधारित तक्ता घेतला, हे नियमाला धरून नाही. म्हणून त्यांची निवडही रद्द. 'बेस्ट'ला नव्यानं निविदा काढायची मोकळीक दिली. परीक्षेची घंटा झाल्यावर एकाचाच पेपर दुरुस्त करू दिला, तर बाकीच्यांनी काय समजायचं?

19 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं टाटांबाबतचा भाग कायम ठेवला, 'एव्ही'ची निवड रद्द करणारा भाग मात्र उलटवला. करार झालेला आहे, नव्यानं निविदा काढली तर विलंब होईल आणि जनतेच्या पैशाला चाट बसेल. अशा कंत्राटांत न्यायालयांनी हात आखडता ठेवावा, असा त्याचा सूर होता. व्यवहाराला ते पटतं. माझं मन मात्र अजून उच्च न्यायालयाकडे झुकतं. शब्दांवर पोट भरणाऱ्याला अटीतला शब्द जरा जास्तच जड वाटतो, दुसरं काय!

राहिला लेनंदेन्याचा प्रश्न. त्याचं उत्तर दोन महिन्यांत आलं. जुलै 2023 मध्ये राज्य परिवहन महामंडळानं 5150 विजेच्या बसगाड्यांचं काम दिलं, ते 'एव्ही'च्याच गटाला. मुंबईचा रस्ता सपाट. आमचा परतवाड्याहून वर चढणारा, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना मेळघाटचं जंगल. अशा घाटात बॅटरी संपली तर पुढचं चार्जिंग कुठे, हे निविदेतल्या एका ओळीवर ठरणार. दवाखान्यासाठी परतवाड्याला निघालेल्या बाईला त्या ओळीशीच देणंघेणं आहे.

एवढ्यात एसटी आली. डिझेलची, खडखडणारी. तरुणानं आधी माझी पिशवी वर दिली.