घर ओढायचंय? आधी थांबायला शिका!

शुक्रवारी संध्याकाळी सहाला लॉग-आउट करायचं, कारच्या मागे आपलं छोटंसं घर अडकवायचं आणि सोमवार सकाळपर्यंत गायब व्हायचं! ना हॉटेलचं बुकिंग, ना बारा वाजताच्या चेक-आउटची घाई. कंटाळा येईल तिथून निघायचं, आवडेल तिथे चहा टाकायचा. कसलं सॉलिड वाटतं ना? मलाही वाटायचं. अजूनही वाटतं. फक्त त्या चित्रात एक गोष्ट कुणी दाखवत नाही. सहाशे किलोचं घर मागे असताना समोर अचानक म्हैस आली, तर काय करायचं?

२०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं आणि आपल्याकडे या विषयाची चर्चा जोरात सुरू झाली. आपल्याकडे भाड्यानं मिळणाऱ्या कॅराव्हॅन बहुतेक इंजिनवाल्या असतात. ड्रायव्हर पुढे, आपण मागे, झालं! पण आज बोलायचंय ते तिच्या धाकट्या भावंडाबद्दल. स्वतःचं इंजिन नसलेलं, हुकाला अडकवून ओढायचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं फॉरेनचं खूळ. थोडंफार आहेच. हौसेखातर फिरण्यासाठी खास बांधून घेतलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून जिचं नाव घेतात ती ‘वाँडरर’, १८८५ ची. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं ती बनवून घेतली आणि दोन घोडे जुंपून देश पालथा घातला. पण आमच्या वऱ्हाडात आजोबांच्या पिढीकडे दमणी होतीच की! प्रवासाची छप्पर असलेली बैलगाडी, आत गादी, बाजूला डबा आणि पाण्याचा गडवा. आणि आखाला वंगण घातल्याशिवाय ती दारातून हलायची नाही. हे वंगण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी मूळची यवतमाळची. कापसाचा जिल्हा. दिवाळी झाली की आमच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. शाळेत असताना या ट्रॉल्यांच्या मागे सायकली अडकून जाम वैताग यायचा. या ट्रॉलीवाल्यांना काय येतं, हे मात्र माझ्या मैत्रिणीच्या ट्रेलरमुळे कळलं. ओढण्याची विद्या महाराष्ट्रात कुणाला विचारायची असेल, तर ती यांना.

मैत्रीण नागपूरची. मिहानमध्ये नोकरी, नवराही तिथलाच. दोघांनी मिळून एक छोटा ट्रेलर बांधून घेतला. एका आसाचा, दोन चाकांचा. आत एक पलंग, मागच्या दारात ओटा, वर सोलर पॅनेल. पहिली ट्रिप टिपेश्वर अभयारण्याची ठरली आणि मी मागच्या सीटवर. रस्ताही सोपा. नागपूरहून बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडकी, करंजी, पांढरकवडा. दीडशे किलोमीटरच्या आसपास, सगळा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग ४४. यात शिकण्यासारखं काय असणार?

हिंगणघाटच्या अलीकडे, वेग सत्तरच्या पुढे गेला आणि मागचं घर डोलायला लागलं.

ट्रेलर डोलतो म्हणजे काय, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. कुणीतरी कारची शेपटी धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हिसका देतंय, आणि प्रत्येक हिसका आधीच्यापेक्षा मोठा. अशा वेळी पाय आपसूक ब्रेककडे जातो, हात स्टिअरिंग उलटं फिरवून तोल सावरायला बघतात. दोन्ही चूक! स्टिअरिंग सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. ट्रेलरच्या ब्रेकला वेगळा स्विच असेल तर फक्त तोच हळूच लावायचा. मैत्रिणीच्या नवऱ्यानं हे वाचलं होतं आणि सुदैवानं ते त्याला ऐनवेळी आठवलंही. गाडी ढाब्यापाशी थांबली, तेव्हा तिघंही गप्प होतो.

कारण शोधायला पाच मिनिटं लागली. पाण्याचे दोन कॅन, इन्व्हर्टरची बॅटरी आणि कपड्यांच्या बॅगा, सगळं ओट्याजवळ, म्हणजे पार मागे. तिथून सामान भरणं सोपं ना! पण मागे वजन गेलं की पुढचा दांडा वर उचलला जातो, हुकावरचं वजन कमी होतं आणि ट्रेलर शेपटी हलवायला मोकळा. नियम असा, की जड सामान आसाच्या वर किंवा थोडं पुढे, खाली, जमिनीलगत. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हुकावर यावं असं मानतात. युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनसाठी ५ ते ७ टक्के सांगतात. म्हणजे सहाशे किलोला अमेरिकन हिशेबानं साठ ते नव्वद किलो. ते मोजायला मशीन लागत नाही. घरातला वजनकाटा दांड्याखाली, हुकाच्या उंचीवर ठेवला की झालं. फक्त तुमच्या कारचा हूक किती वजन झेलतो आणि कार एकूण किती ओढू शकते, हे मॅन्युअलमध्ये बघा. मॅन्युअलमध्ये ओढण्याचा आकडाच नसेल, तर उत्तर ‘नाही’ असं समजा. ‘एसयूव्ही आहे, ओढेल की’ हे उत्तर नव्हे.

सामान पुढे हलवलं, वेग साठवर ठेवला, डोलणं थांबलं. साठ ऐकून नाक मुरडू नका. वेग ऐंशी केला की थांबवावी लागणारी ऊर्जा साठच्या जवळपास पावणेदोन पट होते. शाळेतलं भौतिकशास्त्र कधी नव्हे ते कामाला आलं!

वर्धा नदी ओलांडून आमच्या जिल्ह्यात शिरलो तोवर ऊन उतरलं होतं. वडकी मागे पडलं आणि अंधार झाला. एक ट्रकवाला मागून सारखा डिपर मारत होता. शेवटी त्यानं बाजूला येऊन हातानं खूण केली. मागे बघा! उतरून पाहिलं तर ट्रेलरचे मागचे दिवे बंद. एकही पेटत नव्हता. कारचे दिवे व्यवस्थित, पण ते ट्रेलरच्या आड. म्हणजे मागच्या माणसासाठी आम्ही रस्त्यावर नव्हतोच.

“करंजी जवळच आहे, हळूहळू जाऊ,” मैत्रीण म्हणाली. मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. अकरावीत माझ्या वर्गातला एक मुलगा रात्री मोटारसायकलवरून घरी येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कापसाच्या ट्रॉलीवर आदळून गेला. ट्रॉलीला दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, मागे फांदीसुद्धा ठेवलेली नव्हती. तो वेगात नव्हता. त्याला ती दिसलीच नाही. विदर्भातल्या कुठल्याही गावात विचारा, असा एक तरी मुलगा निघेल. आपण कॅम्पिंगच्या नादात त्या ट्रॉलीच्या जागी उभे राहायचं का, एवढाच प्रश्न होता.

मग गाडी डांबराच्या पूर्ण खाली घेतली, लांबवर त्रिकोण ठेवला, हॅझर्ड लावले. टॉर्च घेऊन वायरिंग बघितलं, पण उजेडच पुरेना. मैत्रिणीचा नवरा एका मालवाहू ऑटोत बसून करंजीला गेला आणि तासाभरानं एका मिस्त्रीला घेऊन आला. यवतमाळ-वणीचा रस्ता महामार्गाला जिथे मिळतो, तिथे यांचं वेल्डिंगचं दुकान. उभा जन्म ट्रॉल्या बांधण्यात आणि सांधण्यात गेलेला.

त्यांनी दिव्यांना हातसुद्धा लावला नाही. थेट दांड्यापाशी बसले, एक वायर ओढली, तिचा गंजलेला बोल्ट घासला, घट्ट केला. भक्कन सगळे दिवे लागले! “अर्थिंग,” एवढंच म्हणाले. ट्रेलरचे दिवे गेले की दहातल्या बऱ्याच वेळा कारण हेच असतं, बल्ब नव्हे. हुकाच्या लोखंडावर अर्थिंगचा भरवसा ठेवायचा नाही, त्याची स्वतंत्र वायर प्लगमधून आणायची आणि तिची टोकं दर महिन्याला घासायची. मग त्यांनी ट्रेलरच्या मागे लाल आणि बाजूंना पिवळ्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवल्या. वायर तुटली, बॅटरी मेली, तरी पट्टी चमकते.

तेवढ्यात त्यांचं लक्ष साखळीकडे गेलं. हूक निसटला तर ट्रेलर मोकळा सुटू नये म्हणून दोन साखळ्या असतात. आमच्या सरळ लावलेल्या होत्या. त्यांनी दांड्याखालून फुलीसारख्या लावल्या, म्हणजे दांडा सुटलाच तर रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडेल. आमच्याकडे वर बघत म्हणाले, “ताई, वढाले तं कोनीबी वढते. थांबवाले अक्कल लागते. तुमी थांबले म्हनून मांगचं थांबत नाई, थे ढकलते.”

‘थे ढकलते’! घाट उतरताना हे सगळ्यात जास्त कळतं. आमच्या यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरच्या करळगाव घाटात भरलेली ट्रॉली उतरवणारा ड्रायव्हर उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकतो आणि इंजिनलाच गाडी धरून ठेवू देतो. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी दगा देतो. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतं. माझं मत विचाराल तर सहाशेलाही ब्रेक हवेतच. पैसे कमी असतील तर सोलर पॅनेल पुढच्या वर्षी घ्या.

रिव्हर्सचं थोडक्यात सांगते, कारण ते वाचून नाही, मोकळ्या मैदानात एक रविवार घालवूनच येतं. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरची शेपटी जिकडे जायला हवी तिकडे हात न्या. हळू. चिडू नका. नवरा-बायकोनं एकमेकांना सूचना देऊ नयेत. (हे शेवटचं माझं निरीक्षण!)

आणि आता वंगण. ट्रेलर वर्षातले तीनशेच्या वर दिवस उभाच असतो, आणि उभं राहूनच तो जास्त बिघडतो. हबमधल्या बेअरिंगला वर्षातून एकदा तरी खोलून, साफ करून नवं ग्रीस भरायचंच, ट्रेलर फिरला असो वा नसो. प्रवासात पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर थांबून हबजवळ हात नेऊन बघा. एक बाजू कोमट आणि दुसरी चटका देणारी असेल, तर तिथेच काम निघालं. चाक काढून बसवलं असेल तर त्याच थांब्यावर नटही पुन्हा आवळा. टायरचं नक्षीकाम बघून फसू नका. ट्रेलरचे टायर झिजून नाही, उन्हानं मरतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की कितीही नवा दिसला तरी बदला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या आमच्या भागात तर टायरवर गोणपाट टाकायलाच हवं.

टिपेश्वरला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. ट्रेलर अर्थातच अभयारण्याबाहेर, मुक्कामाच्या जागेच्या अंगणात. आत जायचं ते सफारीच्या गाडीनंच. १९९७ मध्ये अभयारण्य झालेलं हे जंगल दीडशे चौरस किलोमीटरही नाही, पण इथलाच एक पट्टेदार वाघ २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन चालत चालत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला होता! सकाळी सुन्ना गेटवरून आत गेलो. वाघ दिसला नाही. नीलगायी भरपूर.

परतल्यावर अंगणाच्या मालकांनी एक गोष्ट दाखवली, जी कुठल्याही फॉरेनच्या पुस्तकात नसेल. आमचा ट्रेलर त्यांनी मुरमावर उभा करायला लावला होता. पलीकडे छान मोकळं शेत होतं, तरीही. ती काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि एक चांगला पाऊस झाला की फुगून लोण्यासारखी. त्यात रुतलेलं दुचाकी घर कारनं निघत नाही, ट्रॅक्टर बोलवावा लागतो. पावसाळ्यात ट्रेलर ठेवायचा तर मुरूम किंवा फरशी, चाकांखाली फळी, पुढे-मागे दगड, आणि जॅकवर वजन घेऊन टायर मोकळे. छताच्या सांध्यांचा सीलंट मे महिन्यातच तपासा. आतल्या कोपऱ्यात प्लायवूड बोटानं दाबून मऊ लागलं, तर पाणी कधीच शिरलंय. उंदरांना वायर आवडते आणि गांधीलमाश्यांना गॅसची जाळी. शेगडी पेटवण्याआधी ती जाळी बघा, आणि गाडी चालू असताना सिलिंडर बंदच. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी झोपायचं तर अजिबात नाही!

कागदपत्रांचं शेवटी सांगतेय, पण करायचं सगळ्यात आधी. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर ही वेगळी गाडी आहे. आमच्याकडच्या ट्रॉल्यांवर ट्रॅक्टरहून वेगळा एमएच २९ चा नंबर असतो, तो याचमुळे. ओळखीच्या वेल्डरकडून डबा बांधून कारला अडकवला, तर तो नोंदणी नसलेला वाहनाचा तुकडा. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार. त्यामुळे लोखंड कापण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, आणि कारच्या विमा कंपनीला हूक बसवण्याबद्दल लेखी कळवा.

मैत्रिणीचा ट्रेलर सध्या तिच्या सासऱ्यांच्या शेतावर, मुरमाच्या ओट्यावर उभा आहे. मागच्या आठवड्यात तिनं फोटो पाठवला. टायरवर गोणपाट, दांड्याखाली दगड, आणि ओट्यावर ग्रीसगन. सोलर पॅनेल काढून विकलं म्हणाली. त्या पैशांत ब्रेक बसवतेय.